रश्श्यात उतरलेलं रान

औषधी वनस्पतींच्या पुस्तकांचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. एका बाजूला झाडाचं चित्र, दुसऱ्या बाजूला ते ज्या रोगांवर चालतं त्यांची यादी. केनियाच्या दक्षिणेला आणि टांझानियाच्या उत्तरेला गुरं राखून जगणाऱ्या मसाई लोकांची झाडं या साच्यात घालायला गेलं, की निम्मीअधिक बाहेर राहतात. कारण कोणालाही काही झालेलं नसताना ती वापरली जातात. साली आणि मुळ्या मांसाच्या रश्श्यात उकळतात, काही दुधात पडतात, काहींच्या लाकडाचा धूर दुधाच्या भांड्याला दिला जातो. आजारी माणसासाठी वेगळं काढून ठेवलेलं औषध आणि रोजच्या पोटात जाणारं अन्न यांच्यामध्ये मसाईंनी भिंत घातलेली नाही. पुढच्या पानांत जी झाडं भेटतील, ती याच नजरेनं पाहावीत एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

मसाईंची भाषा मा. ती नाईल खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकत आलेल्या भाषांच्या कुळातली. रिफ्ट खोऱ्याचा पट्टा, सेरेंगेटीची माळरानं, न्गोरोंगोरोचा डोंगराळ भाग, लोइताचं अरण्य हा त्यांचा मुलूख. कोरड्या दिवसांत गुरं उंचावरच्या चराईकडे न्यायची आणि पाऊस पडला की सखल माळावर उतरायचं, हा त्यांच्या जगण्याचा मूळ क्रम. दूध, मांस आणि प्रसंगी जिवंत जनावराच्या मानेची शीर टोचून काढलेलं रक्त हा जुना आहार. आज बहुतेक घरांत मक्याचं पीठ, साखर आणि चहा आलेला आहे, आणि गुरांची संख्याही माणशी पूर्वीइतकी उरलेली नाही. तरीही कडू सालींचा रस्सा गेलेला नाही, आणि त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

मांस खाण्यासाठी मसाई पुरुष वस्तीपासून दूर, झाडीत, पाण्याजवळ जाऊन राहतात. या मुक्कामाला ते ओलपुल म्हणतात. एखादी कपार किंवा दाट सावलीची जागा बघायची, सोबत एक-दोन बैल न्यायचे, आणि आठवडाभर, कधी त्याहून बरेच जास्त दिवस, तिथेच राहायचं. तरुण योद्ध्यांनी, म्हणजे मोरानांनी, विवाहित स्त्रियांच्या नजरेपुढे मांस खायचं नाही असा दंडक आहे, म्हणून वस्तीच्या बायका तिथे फिरकत नाहीत. मांस विस्तवावर भाजलं जातं. हाडं मात्र पातेल्यात जातात आणि त्यांच्या पाण्यात साली-मुळ्यांचा अर्क मिसळला जातो. उकळून तो रस्सा काळपट आणि तुरट होतो. वर चरबीचा तवंग येतो. मग दोन्ही तळहातांत काठीची घुसळणी फिरवून चरबी आणि कडू पाणी एकजीव करतात, नाहीतर चरबी वर आणि औषध खाली राहतं. एवढं मांस आणि एवढी चरबी नुसत्या पाण्यावर पचायची नाही, असं मसाई सांगतात. काही सालींनी अंगात आवेश चढतो, भूक-तहान विसरते, असंही सांगतात. मोरानांच्या अंगाला समारंभात जो कंप सुटतो त्याचा संबंध या रश्श्याशी जोडला जातो.

ओलपुलला तरुणच जातात असं नाही. दुखण्यातून उठलेला माणूस, थकलेला म्हातारा, हिवतापानं खंगलेला बाप्या यांनाही तिथे नेऊन धष्टपुष्ट करून परत आणतात. बाळंतिणीला रस्सा घरीच मिळतो, तिच्यासाठी वेगळ्या झाडांचा. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांकडे आपण औषध म्हणून पाहत नाही, पण ते नुसतं खाणंही नसतं. मसाईंचं बरंचसं वनस्पतीज्ञान याच मधल्या जागेत आहे.

या रश्श्याकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष गेलं ते आडवाटेनं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जॉर्ज मान यांनी १९६० च्या दशकात टांझानियातल्या मसाईंची तपासणी केली. दूध आणि मांसावर, म्हणजे चरबीवर, जगणाऱ्या या माणसांच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असेल आणि हृदयविकारही असेल, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सुमारे ४०० पुरुष तपासलेले होते. कोलेस्टेरॉल कमी निघालं, हृदयविकाराची लक्षणं जवळजवळ आढळली नाहीत. १९७२ साली मान यांनी ५० मसाई पुरुषांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले आणि चित्र अधिक गुंतागुंतीचं झालं. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्याच, अगदी म्हाताऱ्या अमेरिकनांइतक्या. पण वयाबरोबर त्या वाहिन्या रुंदही होत गेल्या होत्या, त्यामुळे रक्ताची वाट अडलेली नव्हती. मान यांनी याचं श्रेय मसाईंच्या अखंड चालण्याला दिलं. त्यांच्या जेवणात आणखी काय पडत होतं, याकडे मात्र त्या चर्चेत फारसं लक्ष गेलं नाही.

ती उणीव पुढे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे टिमथी जॉन्स आणि त्यांच्या टांझानियन सहकाऱ्यांनी भरून काढायचा प्रयत्न केला. रश्श्यात आणि दुधात पडणाऱ्या साली-मुळ्या त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या. पाण्यात फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्यं आणि तुरटपणा देणारी फेनॉल गटातली द्रव्यं त्यांत आढळली. ही द्रव्यं आतड्यात कोलेस्टेरॉलचं शोषण रोखू शकतात. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासानुसार मसाई अन्नात मिसळत असलेल्या ज्ञात वनस्पतींपैकी ८२ टक्क्यांत ही द्रव्यं होती. यावरून मसाईंचं हृदय झाडांच्या सालीनं राखलं असं कोणी ठासून सांगू नये. चालणं आहे, मोजकं खाणं आहे, उपाशी दिवसही आहेत, आणि या सगळ्यांतून एकट्या सालीचा वाटा वेगळा काढणं कठीण आहे. पण मसाईंच्या आहाराचं वर्णन ‘दूध, मांस आणि रक्त’ या तीन शब्दांत आटोपणारी शेकडो पुस्तकं अपुरी आहेत, एवढं जॉन्स यांच्या कामानं निश्चित दाखवून दिलं. चौथी वस्तू झाड होती, आणि ती पातेल्यातच होती.

मराठी वाचकाला या झाडांतली काही अनोळखी वाटणार नाहीत. ओलकिलोरिती म्हणजे बाभूळ. पोटजात वेगळी, झाड तेच. तिची साल आणि मुळी रश्श्यातला अगदी मानाचा घटक आहे. ओलामुरियाकी हे आपल्या करवंदीचं भावंड. तिच्या मुळ्या उकळतात. ओलोइसुकी आपल्या तिरफळाच्या कुळातलं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला त्याची जीभ चुरचुरवणारी चव सांगायला नको. मसाई त्याची साल आणि फळं खोकल्यावर घेतात, चहातही टाकतात. ओसिलालेई हे गुग्गुळाच्या जातकुळीतलं. दात घासायची ओरेमितची काडी म्हणजे मिसवाक, आपल्याकडे पिलू नावानं ओळखलं जाणारं झाड. महासागराच्या दोन काठांवर उष्ण, कोरड्या हवेत सारख्याच वनस्पती वाढल्या आणि माणसांनी त्या आपापल्या परीनं पारखल्या. मात्र या साम्यावरून आयुर्वेद आणि मसाई परंपरा यांची नाती जुळवायची घाई करू नये. ज्यानं त्यानं स्वतःच्या जिभेनं आणि पोटानं केलेली ही पारख आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

जंतांची गोष्ट घ्या. कच्चं रक्त आणि अर्धवट भाजलेलं मांस खाणाऱ्या, गुरांच्या संगतीत राहणाऱ्या लोकांना पोटातल्या कृमींचा त्रास होणारच. त्यावर दोन उपाय मसाई मुलुखात सर्वत्र माहीत आहेत. एक ओलमुकुतान. ही शिरीषाच्या वंशातली झुडपासारखी वाढणारी जात. तिच्या सालीचा काढा घेतला की जोराचे ढाळ होतात आणि पट्टकृमीही बाहेर पडतो. प्रमाण चुकलं तर माणूस जिवावरच्या दुखण्यात सापडू शकतो, म्हणून हा काढा जाणत्या माणसाच्या हातूनच घ्यायचा. दुसरा उपाय ओसेकेतेकी, थंड डोंगरउतारावर वाढणारं लहान पानांचं झुडूप. त्याच्या बिया त्याच कामाला येतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या पाण्यात किंवा दुधात वावडिंग उकळतात ते याच कुळातलं, आणि दोघांतही एम्बेलिन हे एकच द्रव्य आहे. ओलमुकुतानची साल माणसांसारखीच शेळ्या-वासरांनाही पाजतात. मसाईंच्या औषधज्ञानाचा मोठा भाग जनावरांच्या अंगावर तपासून पक्का झालेला आहे. कुठल्या झाडाचा पाला खाल्ला की गाय आटते, कुठल्या झुडपाकडे आजारी शेळी आपणहून वळते, हे गुराख्याला दिवसभर बघायला मिळतं.

ओसोकोनोई या झाडाबद्दल थोडं जास्त सांगितलं पाहिजे, कारण त्याचा मान वेगळा आहे. त्याची साल मिरीसारखी जहाल. छातीत कफ दाटला, घसा बसला, ताप आला की सालीचा तुकडा दाढेखाली धरून रस गिळायचा. पूर्व आफ्रिकेत मसाईंखेरीज इतर अनेक समाजही ती वापरतात. १९७० च्या दशकात रसायनतज्ज्ञांनी या सालीतून वारबर्गॅनल आणि त्याच्या जवळची द्रव्यं वेगळी केली. पिकं फस्त करणाऱ्या लष्करी अळ्या त्या द्रव्यांचा लेप दिलेल्या पानाला तोंड लावत नाहीत, असं दिसून आलं. म्हणजे जो जहालपणा माणसाच्या घशाला आराम देतो तो झाडानं मुळात स्वतःच्या संरक्षणासाठी बनवला आहे. सालीला मागणी वाढली तशी खोडं सोलून काढली जाऊ लागली. साल चहूबाजूंनी सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं. जुना मसाई रिवाज असा की बाजूची एखादी मुळी घ्यावी, फांदी घ्यावी, सालीची चिंचोळी पट्टी काढावी. जिवंत मोठं झाड बुंध्यातून तोडणं त्यांना निषिद्ध. ओरेतेती नावाच्या उंबरवंशातल्या झाडाला तर ते हात जोडतात, त्याच्या बुंध्याशी प्रार्थना होतात.

आता भोपळा. दूध साठवायला मसाई बायका वाळलेला, आतून कोरलेला लांबट भोपळा वापरतात, त्याला कातडी पट्ट्या आणि मणी लावतात. भोपळ्याच्या आतल्या सच्छिद्र भिंतीत दुधाचा अंश मुरतो आणि तिथेच ते नासायला लागतं. त्यावर उपाय ओलोइरिएन, म्हणजे रानटी ऑलिव्ह. त्याच्या काठीचं टोक पेटवून चांगलं लाल झालं की ती भोपळ्यात घालायची आणि आतली बाजू सगळीकडून घासायची, निखारे हलवत राहायचं, धूर कोंडू द्यायचा. मग लांब दांडीच्या, टोकाला गाईच्या शेपटीचे केस बांधलेल्या कुंच्यानं राख झाडून काढायची. त्यानंतर त्यात दूध. ते दूध जास्त टिकतं, आंबलं तरी चांगलं आंबतं, आणि त्याला धुराचा जो वास लागतो त्याखेरीज मसाई माणसाला दूध दूध वाटत नाही. भोपळ्याची निगा हा घरच्या बाईच्या अब्रूचा प्रश्न असतो. औषधाच्या कुठल्याही यादीत हे काम सहसा सापडत नाही, आणि लहान मुलांच्या पोटाचं रक्षण मात्र रोज याच कामानं होत आलं आहे.

हे ज्ञान कोणाकडे असतं? बाहेरून आलेल्यांचं लक्ष प्रथम ओलोइबोनीकडे गेलं. ओलोइबोनी म्हणजे भविष्य सांगणारा, विधी करणारा, अरिष्टाचं कारण शोधणारा. त्याचा दरारा इतका की माउंट केनियाच्या बातियान आणि लेनाना या शिखरांना दोन ओलोइबोनींची नावं इंग्रजांनी दिली. पण बहुतेक झाडं ओलोइबोनीच्या ताब्यात कधीच नव्हती. वासरं राखायला जाणारा सहा-सात वर्षांचा मुलगा दात घासायची काडी कुठली आणि खाज आणणारं पान कुठलं हे सवंगड्यांकडून शिकतो. मोरान झाला की रश्श्याची झाडं शिकतो. बाई आपल्या आईकडून आणि सासूकडून लेकरांच्या दुखण्यावरची झाडं शिकते, सुईण बाळंतपणाची. हाड मोडलं तर बसवणारा वेगळा. हे ज्ञान एका डोक्यात साठलेलं नाही. ते वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे वाटलेलं आहे, म्हणून संशोधकानं एकाच ‘वैद्या’ला गाठून यादी लिहून घेतली, की ती लंगडीच राहते.

अशा याद्या शंभराहून अधिक वर्षं होत आल्या आहेत. जर्मन अधिकारी मॉरिट्झ मेर्कर यांच्या १९०४ च्या ग्रंथात मसाईंच्या वनस्पती आणि रोगांची नोंद आहे. १९६६ साली ग्लोव्हर, स्ट्युअर्ट आणि ग्विन यांनी मसाई आणि किप्सिगिस लोकांच्या वनस्पतींवरील टिपणं छापली. नैरोबी विद्यापीठाच्या जॉन कोक्वारो यांचं पूर्व आफ्रिकेच्या औषधी वनस्पतींवरचं १९७६ चं पुस्तक आजही हाताशी ठेवावं असं आहे. मला सर्वांत जवळचं वाटतं ते लोइता मसाईंच्या वनस्पतींवरचं २००१ चं काम, पॅट्रिक माउंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. त्यात स्थानिक माणसं माहिती देणाऱ्यांच्या रांगेत उभी नाहीत, लेखकांच्या रांगेत आहेत. त्या अभ्यासाचा विषय असलेलं नाइमिना एंकियो हे अरण्य वासरांमागे गेलेली एक मुलगी तिथे हरवली या कथेनं ओळखलं जातं. १९९० च्या दशकात नारोकच्या जिल्हा परिषदेनं ते राखीव करून पर्यटनाला खुलं करायचा बेत केला, तेव्हा लोइताचे लोक कोर्टात गेले. औषधी झाडं, कोरड्या दिवसांतली चराई आणि विधींच्या जागा तिथेच होत्या.

इथेच मूळ मुद्दा येतो. मसाईंचं औषध फिरस्तीवर उभं आहे. ओसेकेतेकी उंचावर आहे, ओलकिलोरिती खाली माळावर, ओसोकोनोई दाट रानात. गुरांबरोबर वर्षभर खालीवर फिरणाऱ्या माणसाच्या हाती ही सगळी झाडं आपोआप येतात. एका जागी डांबलेल्या माणसाच्या हाती येत नाहीत. १९०४ च्या करारानं मसाईंना रिफ्ट खोऱ्यातल्या उत्तम चराईतून हलवण्यात आलं, १९११ साली लाइकिपियाच्या पठारावरून दक्षिणेकडे. त्याविरुद्ध १९१३ साली त्यांनी ब्रिटिश न्यायालयात दादही मागितली, ती फेटाळली गेली. सेरेंगेटीतून त्यांना १९५९ साली बाहेर काढून न्गोरोंगोरोच्या परिसरात राहण्याचं वचन दिलं गेलं, आणि १९७४ साली त्याच न्गोरोंगोरोच्या विवराच्या तळातून हलवण्यात आलं. केनियात १९६८ च्या कायद्यानं सामूहिक मालकीची कुरणं झाली, पुढे त्यांचे तुकडे पडले आणि कुंपणं आली. २०२२ साली न्गोरोंगोरोतल्या कुटुंबांना दूर हांडेनी भागातल्या म्सोमेरा गावी नेण्यास सुरुवात झाली. यातल्या प्रत्येक हलवाहलवीत माणसांना आणि गुरांना काय सोसावं लागलं ते थोडंफार लिहिलं गेलं. कुठल्या कुटुंबाला कुठल्या झाडापासून तोडलं गेलं, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. वनस्पतींच्या नावांची नोंद करून परंपरा वाचवली असं समाधान मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. कुंपणापलीकडे राहिलेल्या झाडाचं नाव नातवाला पाठ असून उपयोग नाही.

दुसरीकडून बाजार येतो. २०११ साली उत्तर टांझानियातल्या लोलिओंदो भागात, सामुंगे गावी, अंबिलिकिले म्वासापिले हा निवृत्त ल्युथरन पाद्री एका मुळीचा काढा ५०० शिलिंगला पेलाभर देत होता. ती मुळी होती आपल्या करवंदीच्या भावंडाची, ओलामुरियाकीची. कर्करोग, मधुमेह, एड्स, सगळं एका पेल्यात बरं होतं या बोलवेनं हजारो माणसं आली, गाड्यांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या, काहींनी दवाखान्यातली औषधं सोडली. मसाई आणि त्यांचे शेजारी बातेमी पिढ्यान्‌पिढ्या ज्या मुळीचा रस्सा पीत आले, तिच्यावर असला दावा त्यांनी कधी केलेला नव्हता. आजही दार-एस-सलाम आणि नैरोबीच्या पदपथांवर लाल शुका पांघरलेले मसाई साली आणि मुळ्या मांडून बसलेले दिसतात. दुष्काळात गुरं मेली की शहराकडे येणाऱ्या तरुणाला ही एक कमाईची वाट असते, आणि गिऱ्हाईक मुळीइतकंच त्याच्या पेहरावावर विश्वास ठेवून पैसे देतं. प्रोस्टेटच्या तक्रारींसाठी युरोपात जाणारी आफ्रिकन प्रुनसची साल इतकी काढली गेली की १९९५ साली त्या झाडाला आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत घालावं लागलं. केनियानं २०१६ साली पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणाचा कायदा केला. हळदीच्या पेटंटचा लढा १९९७ साली जिंकलेल्या देशातल्या वाचकाला अशा कायद्याची गरज समजावून सांगायला नको. पण जे ज्ञान साऱ्या समाजाचं आहे त्याचा मोबदला कोणाच्या नावावर जमा करायचा, हा प्रश्न कायद्यानं सुटलेला नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी एवढंच. झाडांची मांडणी लॅटिन नावांनुसार केलेली नाही, ती जिथे वापरली जातात त्या जागेनुसार केली आहे: आधी पातेलं, मग भोपळा, मग बाळंतिणीची खोली, मग गोठा, आणि शेवटी आजाऱ्याचं अंथरूण. प्रत्येक झाडाचं मा भाषेतलं नाव आधी येईल, शास्त्रीय नाव त्यानंतर, आणि आपल्याकडे त्याचं भावंड असेल तर तेही. काढ्याचं प्रमाण कुठेही दिलेलं नाही. ओलमुकुतानसारखी झाडं चुकीच्या मापानं जीव घेऊ शकतात, आणि मापाचं ज्ञान पिणाऱ्याच्या अंगाकडे पाहून ठरतं, कागदावरून नाही. ओसोकोनोईची आणि प्रुनसची झाडं नेमकी कुठल्या दऱ्यांत उभी आहेत तेही मुद्दाम गाळलं आहे. सुरुवात ओलकिलोरितीपासून केली, कारण ती बाभूळ आपल्या बांधावरही आहे आणि तिची साल कशी तुरट लागते हे पुष्कळ वाचकांना आधीच ठाऊक असेल.